‘मला नाही येणार’ म्हणणाऱ्या मुलासाठी आठवड्यातून अर्धा तास

पत्र: माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. गेल्या वर्षभरापासून कोणतीही नवी गोष्ट समोर आली की ‘मला नाही येणार’ म्हणून तो मागे सरतो. चित्र जरा बिघडले की कागद चुरगळून टाकतो. पटावरचा खेळ हरायला लागला की रडीचा डाव खेळतो, नाहीतर सोंगट्या उधळून देतो. त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेली बहीण मात्र चटपटीत आहे. मी त्याचे भरपूर कौतुक करते, तर ‘तू उगाच म्हणतेस’ असे उत्तर मिळते. त्याच्या बाबांचे म्हणणे असे की लाड कमी करा, त्याला हरायला शिकू द्या. शाळेतील समुपदेशकांनी प्ले थेरपी सुचवली आहे. पण खेळायचेच असेल तर ते घरीही होते, त्यासाठी कोणाकडे कशाला जायचे? शिवाय मुलावर शिक्का बसेल अशी भीती वाटते. याने त्याचा आत्मविश्वास खरोखर वाढेल का, अभ्यास सुधारेल का, आणि मी घरी काय करू? — एक आई

उत्तर:

नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ओघात लिहून गेला आहात. तुम्ही कौतुक करता तेव्हा मुलगा ‘तू उगाच म्हणतेस’ असे म्हणतो. तुमच्या सर्व प्रश्नांकडे मी येणार आहे, पण सुरुवात या वाक्यापासून करते, कारण प्ले थेरपीत मोठी माणसे जे जाणीवपूर्वक टाळतात त्यात कौतुकाचा क्रमांक फार वरचा आहे, आणि ते का टाळतात हे कळले की बाकीची उत्तरे पुष्कळशी आपोआप मिळतात.

लहान मुले स्वतःविषयी फार उदार असतात. पाच वर्षांचे मूल ‘मी सगळ्यांत जोरात पळतो’ असे सांगते आणि त्याला ते मनापासून खरे वाटत असते. सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमारास हे बदलते. मूल इतरांशी तुलना करून स्वतःला जोखू लागते. मुलांच्या स्वप्रतिमेचा दीर्घकाळ अभ्यास केलेल्या सूझन हार्टर यांनी असे दाखवले आहे की पळणे, वाचणे, मित्र जोडणे अशा वेगवेगळ्या बाबतींतील मतांच्या जोडीला ‘एकूण माणूस म्हणून मी कसा आहे’ असे एकत्रित मत साधारण याच वयात तयार होऊ लागते. तुमचा मुलगा नेमका या टप्प्यावर आहे, आणि तुलनेसाठी एक चटपटीत बहीण त्याच्यासमोर रोज घरातच आहे. त्याने स्वतःविषयी एक निकाल देऊन टाकलेला आहे. अशा वेळी तुम्ही ‘किती सुंदर चित्र’ म्हणता तेव्हा तो त्या चित्राकडे पाहत नाही, तर तुमचा निकाल स्वतःच्या निकालाशी ताडून पाहतो आणि तुम्ही खोटे बोलत आहात असे ठरवतो.

याविषयी नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम 2014 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते तुमच्या घरातील प्रसंगाच्या फार जवळ जाणारे आहे. मुलांना एका प्रसिद्ध चित्राची नक्कल करायला सांगितली गेली. त्यानंतर काहींना ‘सुंदर चित्र’ अशी साधी, तर काहींना ‘कमालीचे सुंदर चित्र’ अशी फुगवलेली दाद मिळाली. पुढचे चित्र सोपे घ्यायचे की अवघड, हे मुलांनी स्वतः निवडायचे होते. ज्यांचा आत्मसन्मान मुळात कमी होता, ती मुले फुगवलेल्या कौतुकानंतर अवघड चित्रापासून दूर राहू लागली. त्याच संशोधनातून असेही दिसले की मोठी माणसे नेमके अशाच मुलांचे कौतुक अधिक फुगवून करतात. म्हणजे ज्या मुलाला मदत व्हावी म्हणून आपण शब्द वाढवतो, त्यालाच त्या शब्दांचे ओझे होते.

रडीच्या डावाबद्दलही असेच काही सांगता येते. 1998 मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. कोडी सोडवल्यानंतर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले गेले, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे. मग सर्वांना मुद्दाम अवघड कोडी दिली गेली. या अपयशानंतर हुशारीचे कौतुक झालेल्या मुलांची चिकाटी कमी झाली आणि पुढची सोपी कोडीही त्यांना आधीइतकी चांगली सुटली नाहीत. पुढे आपले गुण दुसऱ्या एका अनोळखी मुलाला लिहून कळवायचे होते, तेव्हा त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी ते वाढवून लिहिले. ही मुले खोटारडी नव्हती. ‘हुशार’ हे बिरुद हातातून जाईल, या भीतीने ती खोटे बोलली. तुमचा मुलगा डाव फिरवतो तेव्हा तो बहुधा हेच करत असतो. तेव्हा त्याला अप्रामाणिक ठरवू नका.

मग कौतुकाऐवजी काय? खेळोपचार, म्हणजेच प्ले थेरपी, याच प्रश्नावर उभा आहे.

1947 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी मुलांबरोबरच्या अशा कामाची आठ तत्त्वे मांडली. आजही मूल-केंद्रित प्ले थेरपीत त्यांचा आधार घेतला जातो. मुलाशी आपुलकीचे नाते जोडावे, ते आहे तसे स्वीकारावे, त्याच्या भावना ओळखून त्याला कळतील अशा शब्दांत परत सांगाव्यात, पुढे त्याने चालावे आणि मोठ्याने मागून यावे, घाई करू नये, आणि मर्यादा घालाव्यात पण अगदी आवश्यक तेवढ्याच, असा त्यांचा गाभा आहे. प्रत्यक्षात हे एका खोलीत घडते. तिथे खेळणी नेहमी त्याच जागी असतात. बाहुल्या, बाहुलीघर, प्राणी, डॉक्टरची पेटी अशी रोजच्या जगण्यातली खेळणी असतात. राग बाहेर काढता यावा म्हणून सैनिक, खोट्या तलवारी, जबडा उघडलेला एखादा मगर असतो. वाळू, माती, रंग, कागद हे साहित्य तर असतेच, कारण त्यात बरोबर आणि चूक असे काही नसते. सत्र साधारण पाऊण तासाचे, बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा. थेरपिस्ट शिकवत नाही, सुचवत नाही, ‘हे काय काढलेस’ असे विचारत नाही. ती पाहते आणि पाहिलेले बोलते.

बाहेरून पाहणाऱ्याला हे काहीच न करण्यासारखे वाटेल, पण तुमच्या मुलासारख्या मुलासाठी हा अनुभव विलक्षण असतो. समजा, त्याने विचारले, ‘आकाश कुठल्या रंगाने रंगवू?’ घरी आपण ‘निळ्या’ म्हणून मोकळे होतो. तिथे उत्तर मिळते, ‘इथे ते तुला ठरवता येतं.’ पहिल्या काही भेटींत अशी मुले या उत्तराने अस्वस्थ होतात, पुन्हा पुन्हा विचारतात, कोपऱ्यात नुसती उभीही राहतात. मग एके दिवशी जांभळे आकाश काढले जाते, कोणी त्याला चांगले म्हणत नाही, कोणी वाईटही म्हणत नाही, ‘तुला जसं हवं होतं तसं केलंस’ इतकेच ऐकू येते. माझ्या मते आत्मविश्वासाची सुरुवात इथे होते. मुलाने काहीतरी ठरवले, ते केले, त्याचा परिणाम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, आणि हे होत असताना एक मोठा माणूस निकाल न देता पूर्ण लक्ष देऊन शेजारी बसला होता. असा अनुभव पुन्हा पुन्हा आला की जो विश्वास तयार होतो, तो मुलाच्या स्वतःच्या मालकीचा असतो आणि म्हणून तो ‘उगाच’ ठरत नाही.

‘हे घरीही होते’ या तुमच्या आक्षेपात अर्धे तथ्य आहे. आपण घरी मुलांशी खेळतो तेव्हा बहुतेक वेळा खेळाच्या आडून शिकवत असतो. रंग विचारतो, ठोकळे मोजायला लावतो, मनोरा पडणार असे दिसले की हात पुढे करतो. शिवाय चुलीकडे, घड्याळाकडे, फोनकडे आपले अर्धे लक्ष असते. असे खेळणे वाईट नाही, मात्र वर सांगितलेली गोष्ट त्यातून घडत नाही. उरलेले अर्धे तथ्य असे की ते घडवायला पालक शिकू शकतात, आणि हे काही माझे सदिच्छेचे बोलणे नव्हे. बर्नार्ड आणि लुईझ गर्नी या दांपत्याने 1960 च्या दशकात थेरपिस्टऐवजी आईवडिलांनाच असे खेळणे शिकवण्याची पद्धत विकसित केली. पुढे गॅरी लँड्रेथ आणि स्यू ब्रॅटन यांनी तिला दहा सत्रांच्या पालक-प्रशिक्षणाचे रूप दिले, ज्यात पालक घरी आठवड्यातून एकदा अर्धा तास मुलाबरोबर ठरलेल्या रीतीने खेळतात. 2005 मध्ये ब्रॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्ले थेरपीवरील 93 नियंत्रित अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात उपचार मिळालेल्या मुलांमध्ये लक्षणीय सुधारणा दिसली, आणि प्रशिक्षित पालकांनी घेतलेल्या सत्रांचा परिणाम व्यावसायिकांच्या सत्रांहून अधिक आढळला. त्यातील अनेक अभ्यास छोट्या गटांवरचे होते, म्हणून हे आकडे ब्रह्मवाक्य मानू नयेत. तरीही जी व्यक्ती मुलाला सर्वांत जवळची आहे तिने निकाल देणे थांबवले तर त्याचे वजन अधिक पडते, हे मला पूर्ण पटते.

म्हणून माझा सल्ला असा आहे की समुपदेशकांनी सुचवलेल्या थेरपिस्टना भेटाच, आणि त्याच वेळी घरी हा अर्धा तास सुरू करा.

वार आणि वेळ नक्की करा आणि त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. एका खोक्यात थोडी खेळणी वेगळी काढा, जी फक्त याच वेळी बाहेर येतील: काही माणसे, काही प्राणी, एखादे वाहन, दोरी, पट्टी, माती, रंगीत खडू, कोरे कागद, एखादे जुने कापड. जिंकण्या-हरण्याचे खेळ सुरुवातीचे काही आठवडे त्यात नकोत. मुलाला सांगा, ‘या अर्ध्या तासात तुला जवळजवळ हवं तसं खेळता येईल.’ त्यातील ‘जवळजवळ’ हा शब्द वगळू नका, कारण मर्यादा लागणार आहेत आणि त्या येतील तेव्हा मुलाला फसवल्यासारखे वाटू नये.

मग त्याच्या उंचीवर, जमिनीवर बसा आणि तो काय करतो ते साध्या शब्दांत बोलत राहा. ‘आता ते वर चढवतो आहेस.’ ‘हे दोघे इथे नकोत वाटतं तुला.’ वस्तूंना तुम्ही नाव देऊ नका. तुम्ही ज्याला ठोकळा म्हणाल तो त्याच्या मनात एव्हाना बोट झालेला असेल, आणि तुमच्या एका शब्दाने ती बोट बुडते. प्रश्न टाळा, विशेषतः ‘का’ने सुरू होणारे. त्याने तुम्हाला खेळात एखादी भूमिका दिली तर कुजबुजत्या आवाजात विचारा, ‘मी आता काय म्हणू?’ म्हणजे गोष्ट त्याच्याच हातात राहते. त्याला झाकण उघडत नसेल तर लगेच हात पुढे करू नका. ‘खूप जोर लावतो आहेस, तरी निघत नाही,’ इतके म्हणून थांबा. हे थांबणे आईवडिलांना सर्वांत जड जाते. त्याने मागितली तर मदत जरूर करा, पण सगळे झाकण काढून देण्याऐवजी ते थोडे सैल करून परत त्याच्या हातात द्या. ते निघाले की ‘शाब्बास’ ऐवजी म्हणा, ‘सोडलं नाहीस, आणि काढलंस.’ पहिला शब्द तुमचे मत सांगतो. दुसऱ्या वाक्यात त्याने केलेली गोष्ट आहे, आणि ती त्याला नाकारता येत नाही.

चित्र बिघडले आणि त्याने कागद चुरगळला तर? ‘चांगलं आहे रे, फेकू नकोस,’ हे तुमच्या ओठांवर येईल. ते आवरा. ‘तुझ्या मनातलं चित्र वेगळं होतं, आणि हे तसं झालं नाही. राग आला तुला.’ यावर तो गप्प बसेल किंवा दुसरा कागद घेईल, आणि दोन्ही चालेल. खेळणे मोडू लागला किंवा तुमच्यावर काही फेकू लागला तर आधी भावना, मग मर्यादा, मग पर्याय, या क्रमाने बोला: ‘तुला माझा राग आला आहे. मी मारण्यासाठी नाही. ती उशी मारायला चालेल.’ आवाज चढवू नका, कारणांची माळ लावू नका. वेळ संपायला पाच मिनिटे असताना एकदा सांगा आणि वेळ झाली की उठा, तो कितीही रंगलेला असला तरी. वेळ दर वेळी तितकीच असली आणि पुढच्या आठवड्यात ती पुन्हा येणार हे ठाऊक असले म्हणजे मुलाला सुरक्षित वाटते.

पहिल्या काही आठवड्यांत खेळ तुम्हाला आवडेल असा असेलच असे नाही. तो हुकूम सोडेल, बाळासारखे बोलेल, छोट्या बाहुलीला पुन्हा पुन्हा कड्यावरून ढकलेल, आणि ती बाहुली कोण हे तुम्हाला न सांगताही कळेल. त्या क्षणी ‘बहिणीशी असं वागतात का?’ हा प्रश्न विचारू नका. बाहुलीवर काढलेला राग बहिणीवर निघत नाही, तोवर तो योग्य जागीच निघतो आहे. ‘त्या छोटीला तिथे अजिबात राहू द्यायचं नाही,’ एवढे म्हणणे पुरे आहे. मत्सर बोलून दाखवता आला आणि तरीही आई तिथेच बसून राहिली, याचा दिलासा या वयात किती मोठा असतो, हे आपल्याला सहसा लक्षात येत नाही.

त्याच्या बाबांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही, फक्त त्याची पायरी पुढची आहे. हरायला शिकले पाहिजेच. मात्र ज्या मुलाला हरणे म्हणजे ‘मी कमी आहे’ याचा पुरावा वाटतो, त्याला वारंवार हरवून तो धीट होत नाही, उलट त्याच्याकडचे पुरावे वाढत जातात. घरातील सर्वांनी मिळून खेळायच्या खेळात नियम सर्वांना सारखेच ठेवा आणि त्याने ते मोडले तर ‘हा नियम बदलता येणार नाही, पण हरायला फार नको वाटतंय हे कळतंय मला,’ असे शांतपणे सांगून डाव थांबवा. तुम्ही मुद्दाम हरू नका, कारण आठ वर्षांच्या मुलाला ते कळते. काही आठवड्यांनी त्या खास अर्ध्या तासात त्याने स्वतःहून पट मागितला तर मात्र नियम त्याला ठरवू द्या, त्याने ते आपल्या बाजूने वाकवले तरी. ‘या खेळात तूच जिंकशील असे नियम केलेस’ हे वाक्य आरोपाचा सूर न येता म्हणता आले पाहिजे. बाबांनीही हा अर्धा तास वेगळ्या वारी घेतला तर फारच उत्तम, कारण मुलग्याला त्यांच्या मताची किंमत बहुधा तुम्हा दोघांच्या अंदाजापेक्षा जास्त वाटत असते.

अभ्यास सुधारेल का, याचे उत्तर सावधपणे देते. आत्मसन्मान वाढला की गुण आपोआप वाढतात, ही समजूत एके काळी फार प्रिय होती. रॉय बॉमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला तेव्हा तिला फारसा आधार सापडला नाही. चांगले गुण मिळाल्याने स्वतःविषयीचे मत सुधारते, उलट दिशेने तसे घडताना कमी दिसते. प्ले थेरपीकडून तुम्ही एवढी अपेक्षा ठेवू शकता की ‘मला नाही येणार’ म्हणून वही मिटण्याआधी तो प्रयत्न करून पाहील. इथे एक गोष्ट आग्रहाने सांगते. असे म्हणणाऱ्या मुलाला खरोखरच काहीतरी येत नसू शकते. त्याला मोठ्याने वाचायला आवडते का, फळ्यावरचे उतरवताना तो फार वेळ घेतो का, अक्षरे किंवा अंक उलटसुलट होतात का, याकडे लक्ष द्या आणि शाळेत विचारा. डोळे आणि कान तपासून घ्या. वाचन-लेखनातील अडचण किंवा वर्गात होणारी दादागिरी यांवर खेळ हा एकटा उपाय नाही, त्यांना त्यांचे वेगळे उत्तर द्यावे लागते. तो ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असे काही बोलू लागला, झोप किंवा भूक उडाली, किंवा स्वतःला इजा करू लागला, तर या पत्रातील सर्व सल्ला बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

शिक्क्याची भीती मी समजू शकते. तीन ते साधारण बारा वर्षांच्या मुलांसाठी ही पद्धत वापरली जाते, कारण या वयात मुलाला मनातले शब्दांत नीट सांगता येत नाही आणि खेळात ते सांगता येते. ‘काहीतरी झालेल्या’ मुलांपुरतीच ती आहे असे नाही. थेरपिस्टना भेटाल तेव्हा त्यांचे प्ले थेरपीचे प्रशिक्षण कुठे झाले, त्या स्वतः कोणाच्या देखरेखीखाली काम करतात का, आणि पालकांना किती वेळाने भेटतात, हे निःसंकोच विचारा. पालकांना पूर्णपणे बाहेर ठेवणाऱ्या किंवा ठरावीक सत्रांत आत्मविश्वासाची हमी देणाऱ्या व्यक्तीपासून दूर राहा. मुलाला ‘तुझं वागणं सुधारायला जायचं आहे’ असे सांगू नका. ‘हल्ली बऱ्याच गोष्टींचा तुला त्रास होतोय असं आम्हाला वाटतं. तिथे एक खेळायची खोली आहे आणि तिथे काय करायचं ते तू ठरवायचं,’ एवढे पुरे. परत येताना ‘काय केलंस, मजा आली का’ असे विचारू नका. तिथे घडलेले त्याचे त्याच्यापाशी राहू द्या. चित्र दाखवले तर त्यात काय दिसते ते बोला, कसे आहे ते नको.

मुलीलाही तिचा अर्धा तास द्या, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या खोक्यासह. एरवी भावाला मिळणारा वेळ हे त्याच्या रुसण्याचे बक्षीस आहे असे ती समजेल, आणि चटपटीत मुलांनाही निकाल न देणाऱ्या डोळ्यांची गरज असतेच. आणि दोघांच्याही बाबतीत एक नियम स्वतःसाठी पाळा. दिवस कितीही वाईट गेला, त्याने सोंगट्या उधळल्या, शाळेतून तक्रार आली, तरी शिक्षा म्हणून हा अर्धा तास कधीही काढून घेऊ नका. त्या दिवशी तर तो ठरल्या वेळी सुरू झालाच पाहिजे.